अभ्यास ऐकणारा कुणी आहे का?

निकाल लागला की पुढचे आठ दिवस स्टाफरूमच्या दाराशी एकच वाक्य ऐकू येते. "मॅडम, लय वाचलं होतं जी, पण पेपरात काहीच आठवलं नाही." हे म्हणणारी मुले उनाड नसतात. उनाड मुलांना निकालाचे आश्चर्य वाटत नाही. ती "एटीकेटी आहे ना" म्हणत कँटीनकडे निघून जातात. दाराशी येऊन उभी राहतात ती वह्या नीट ठेवणारी, तासाला पुढच्या बाकावर बसणारी, देवळी, सेलू, आर्वीकडून सकाळची एसटी पकडून येणारी मुले. त्यांच्यात मुली जास्त असतात. नापास झाल्याचे दुःख तर त्यांना असतेच, पण त्याहून वाईट एक गोष्ट त्यांच्या चेहऱ्यावर दिसते. आपण मेहनत केली, तरी जमले नाही, म्हणजे आपल्यातच काहीतरी कमी आहे, ही समजूत तिथे पक्की होत चाललेली असते.

आपल्याकडे नापास मुलासाठी दोनच निदाने तयार असतात. "अभ्यासच केला नसेल, मोबाईलवर असेल" हे एक. "डोक्यातच नाही" हे दुसरे. पहिले घरात होते, दुसरे शेजारी करतात. मुलगी असेल तर लगेच घरात तिसरा विषय निघतो, स्थळे पाहण्याचा. एका पेपरात कमी पडलेले आठ-दहा गुण कुणाच्या आयुष्याला एवढे वळण देणार असतील, तर निदान तरी नीट झाले पाहिजे.

मी अर्थशास्त्र शिकवते. दाराशी आलेल्या मुलीला मी आत बसवते आणि विचारते, "वाचलं म्हणजे नेमकं काय केलं, ते सांग." उत्तर बहुतेक वेळा सारखेच असते. गाइड चारदा वाचले. महत्त्वाच्या ओळींवर पिवळा पेन फिरवला. पेपरच्या आदल्या रात्री दोनपर्यंत पुन्हा सगळे वाचून काढले. वाचताना सगळे येत होते. या शेवटच्या वाक्यात सगळी मेख आहे. वाचताना येत होते, कारण समोर पुस्तक होते. बजाज चौकात रोज दिसणारा एखादा माणूस आपल्याला ओळखीचा असतो, पण त्याचे नाव कुणी विचारले तर आपण अडखळतो. तसेच हे. पाचव्यांदा वाचलेले पान ओळखीचे वाटते आणि ओळख म्हणजेच ज्ञान असा आपला समज होतो. परीक्षेत मात्र पान समोर नसते. तिथे ओळखायचे नसते, स्वतःच्या डोक्यातून बाहेर काढायचे असते. आणि ते बाहेर काढण्याचा सराव त्या मुलीने एकदाही केलेला नसतो.

अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना एक छोटा उतारा दिला. एका गटाने तो पुन्हा पुन्हा वाचला, सरासरी चौदा वेळा. दुसऱ्या गटाने तीन-चार वेळाच वाचला आणि मग उतारा बाजूला ठेवून आठवेल ते कागदावर लिहिले, असे तीनदा. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता. आठवड्याने पुन्हा चाचणी घेतली. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले, लिहून पाहणाऱ्यांना ६१ टक्के. त्यातली मला सर्वांत बोलकी वाटलेली बाब म्हणजे, "तुम्हाला किती आठवेल?" असे आधी विचारले, तेव्हा चौदा वेळा वाचणाऱ्यांचाच आत्मविश्वास जास्त होता. आमच्या दाराशी येणाऱ्या मुलीचा पेपरच्या सकाळचा आत्मविश्वास हाच असतो, आणि दुपारी तिला बसणारा धक्काही याच कारणाने मोठा असतो.

हा प्रयोग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला सेंट लुईसपेक्षा आमच्या मोहल्ल्यातली मशीद आधी आठवली. रमजानमध्ये रात्रीच्या इशाच्या नमाजनंतर तरावीहची नमाज होते, हे बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल. तिच्यात हाफिज, म्हणजे ज्याला संपूर्ण कुरआन मुखोद्गत आहे असा इमाम, रोज साधारण सव्वा पारा तोंडपाठ म्हणतो. कुरआनाचे तीस भाग, ते तीस पारे. बहुतेक ठिकाणी सत्ताविसाव्या रात्रीपर्यंत पूर्ण कुरआन होतो. हा हाफिज कित्येकदा विशी-पंचविशीतला पोरगा असतो, म्हणजे आमच्या एखाद्या विद्यार्थ्याच्याच वयाचा. समोर पुस्तक नाही, कागद नाही, मागे शेकडो माणसे उभी. त्याला हे कसे जमते?

पुष्कळांना वाटते, पाठांतर करून. ते अर्धे खरे आहे. मदरशात हिफ्ज करणाऱ्या मुलाचा दिवस पाहिला तर कळते की तो वाचतो कमी आणि ऐकवतो जास्त. त्याच्या अभ्यासाचे तीन भाग असतात. सबक म्हणजे आजचा नवा पाठ. सबकी म्हणजे गेल्या काही दिवसांतले पाठ. मंजिल म्हणजे जुने, महिन्यांपूर्वी पाठ झालेले. हे तिन्ही रोज उस्तादसमोर बसून, पुस्तक बंद ठेवून म्हणून दाखवायचे. चूक झाली की तिथेच थांबवतात. नवा पाठ पक्का झाला नाही तर पुढचा मिळत नाही, मग बरोबरचा मुलगा कितीही पुढे जावो. जुन्याकडे दुर्लक्ष केले तर ते निसटते, म्हणून मंजिल आयुष्यभर सुटत नाही. रमजान जवळ आला की दोन हाफिज समोरासमोर बसून एकमेकांना ऐकवतात. याला दौर म्हणतात. खुद्द पैगंबर हजरत मुहम्मद (स.) दर रमजानमध्ये जिब्रील या फरिश्त्याबरोबर कुरआनाची उजळणी करीत आणि आयुष्याच्या शेवटच्या वर्षी ती दोनदा झाली, असे हदीसमध्ये आहे.

तरावीहमध्येही हाफिज एकटा नसतो. त्याच्या मागे पहिल्या रांगेत दुसरा हाफिज उभा असतो, त्याला सामेअ म्हणतात, म्हणजे ऐकणारा. त्याचे काम एकच. इमाम अडखळला किंवा एखादी आयत चुकली, की पुढचे शब्द मागून सांगायचे. याला लुकमा देणे म्हणतात. लुकमा म्हणजे घास. दिवसभर उपाशी राहिलेली माणसे रात्री एकमेकांना शब्दाचा घास देतात, हे मला फार गोड वाटते. पण इथे मुद्दा वेगळा आहे. ज्याला सगळा कुरआन पाठ आहे, त्याच्याही मागे ऐकणारा ठेवलेला आहे. चुकणे गृहीत धरलेले आहे आणि ते कुणाला लाजिरवाणे वाटत नाही. आमच्या पदवीच्या विद्यार्थिनीच्या मागे कोण उभे असते? सहा महिने ती एकटी वाचते आणि तिने काय शिकले हे पहिल्यांदा "ऐकतो" तो थेट विद्यापीठाचा परीक्षक, बंद पाकिटातून, तिला न पाहता. तो घास देत नाही, गुण देतो.

ही पद्धत फक्त मदरशाचीच, असे मुळीच नाही. वेदपाठशाळेत गुरुजींसमोर संथा म्हणून दाखवावी लागते. आणि मराठी घरांत दिवेलागणीला परवचा होत असे, तो आजच्या पन्नाशी-साठीतल्या वाचकांना आठवत असेल. पावकी, निमकी, पाढे, स्तोत्रे आजोबांसमोर मोठ्याने म्हणायची. आजोबा झोपाळ्यावर डोळे मिटून बसलेले असत, पण सतरा साते चुकले की डोळे बरोबर उघडत. परवचा गेला, त्याच्या जागी ट्यूशन आली. ट्यूशनमध्ये शिकवणारा बोलतो आणि मुले ऐकतात. उलट व्हायला हवे होते.

इथे कुणी म्हणेल, बाई घोकंपट्टीची तरफदारी करतात. हा आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. हिफ्ज हे कलामाचा शब्द न् शब्द जपण्याचे काम आहे. तिथे स्वतःच्या शब्दांत सांगणे अपेक्षितच नाही. अर्थशास्त्राच्या पेपरात नेमके तेच अपेक्षित असते. मागणीच्या लवचिकतेचे पाच प्रकार आकृत्यांसह पाठ केलेली मुलगी, "कापसाचा भाव पडला तरी हिंगणघाटचा शेतकरी लगेच पुरवठा का कमी करू शकत नाही?" असा प्रश्न आला की गांगरते. मग ती तेच पाच प्रकार उतरवून काढते. चार पाने भरतात, उत्तर कुठेच नसते. गंमत म्हणजे तिच्या बापाचा कापूस शेतात उभा असतो. एकदा पेरलेला कापूस भाव पडला म्हणून मागे घेता येत नाही, हे ती घरी रोज ऐकते. तेच उत्तर आहे, हे तिला कुणी सांगितलेले नसते. म्हणून मदरशातून घ्यायचे ते पाठांतर नाही, ऐकवणे घ्यायचे. पुस्तक मिटून, आपल्या शब्दांत, कुणाला तरी समजावून सांगायचे. जिथे अडखळू तिथे अभ्यास बाकी आहे. ते कळते फक्त बोलताना किंवा लिहिताना, वाचताना कधीच कळत नाही.

यात भाषेची एक अडचण आहे, जी पहिल्या बाकावरून दिसत नाही. उर्दू शाळेतून बारावी करून आमच्याकडे आलेल्या मुलीने मागणीला "तलब" म्हटलेले असते, पुरवठ्याला "रसद", लवचिकतेला "लचक". कल्पना तिला माहीत असते, मराठी शब्द नसतो. रसद म्हटल्यावर मराठी मुलाला फौजेची रसद तोडणारे मावळे आठवतात! मराठी शाळेतून बीएस्सीला गेलेल्या मुलाचे वेगळे नाही. "त्वरण" शिकून आलेला तो इंग्रजी पुस्तकातल्या "अ‍ॅक्सिलरेशन"पाशी अडतो आणि मग न समजलेली इंग्रजी वाक्ये जशीच्या तशी पाठ करायला लागतो. ही मुले इतरांपेक्षा जास्त तास अभ्यास करतात, कारण आधी भाषा आणि मग विषय असे दुहेरी ओझे ती ओढत असतात. गुणपत्रिकेत मात्र एकाच ओझ्याचे गुण मिळतात. माझा सल्ला साधा असतो. आधी ज्या भाषेत स्वप्ने पडतात त्या भाषेत समजून सांग. उर्दूत सांग, वऱ्हाडीत सांग, मिसळून सांग. सांगता आले की मग परीक्षेच्या भाषेत लिही. मोहल्ल्यातल्या दोन मुली, एक उर्दू शाळेतली आणि एक मराठी शाळेतली, एकत्र बसल्या तर दोघींचे काम होते. अशा जोड्या मी पाहिल्या आहेत आणि त्यांचे डबेही पुढे एकत्रच उघडतात.

हे सगळे वर्ध्यात लिहिताना एका गोष्टीचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. जामिया मिल्लियाचे प्रमुख डॉ. झाकीर हुसेन तिला आले होते, वय अवघे चाळीस. त्यांनी गांधीजींच्या योजनेतले काही मुद्दे आपल्याला पटत नाहीत, असे भर परिषदेत सांगितले. गांधीजींनी त्यांनाच समितीचे अध्यक्ष केले. समितीत विनोबा होते, काकासाहेब कालेलकर होते, कुमारप्पा होते, ख्वाजा गुलामुस्सय्यदैन होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अहवाल आला. मातृभाषेतून सात वर्षांचे मोफत आणि सक्तीचे शिक्षण, हस्तोद्योगाभोवती गुंफलेले, एवढे सर्वांना माहीत असते. परीक्षेबद्दल त्यात काय म्हटले आहे, हे फार कमी लोक सांगतात. आपल्या देशातली परीक्षापद्धती शिक्षणाला शाप ठरली आहे, इतक्या कडक शब्दांत या समितीने लिहिले होते. शाळेचे काम कसे चालले आहे हे पाहायचे असेल तर निवडक मुलांची नमुना तपासणी करावी, असे तिने सुचवले. पुढे सेवाग्रामला हिंदुस्तानी तालिमी संघ स्थापन झाला, त्याचेही अध्यक्ष झाकीर हुसेनच होते. तीस वर्षांनी, १९६७ मध्ये, ते राष्ट्रपती झाले. परीक्षा मात्र होती तिथेच राहिली, उलट फुगली.

विनोबांची गोष्ट तर वर्धेकरांच्या घरातली. १९१६ साली इंटरच्या परीक्षेला मुंबईला निघालेले विनोबा वाटेत सुरतेला उतरले आणि काशीला गेले. आधीच्या परीक्षांची प्रमाणपत्रे त्यांनी त्यापूर्वीच चुलीत घातली होती. याच माणसाने पुढे वर्ध्यात राहून अरबी शिकून मूळ कुरआन वाचला आणि "कुरआन-सार" संकलित केला. परीक्षा सोडणारा माणूस जन्मभर अभ्यास करीत राहिला. पण माझ्या विद्यार्थिनीला हे उदाहरण देताना मी सावध असते. तिच्याजवळ चुलीत घालायला अजून प्रमाणपत्रच नाही. तिला ते आधी मिळायला हवे.

"तालीम" या शब्दाकडे बघा. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे आखाडा, किंवा नाटकाचा सराव. नाटकवाल्यांनी तालीम न करता प्रयोग लावला तर आपण त्यांना वेडे म्हणू. तालमीत दिग्दर्शक समोर बसून थांबवतो, सुधारतो, पुन्हा करायला लावतो. कॉलेजात आम्ही तालीम देतो ती उर्दू अर्थाने, मराठी अर्थाची तालीम राहून जाते आणि थेट प्रयोग लागतो.

हे बदलायला धोरणाची वाट पाहण्याची गरज नाही. तासाची शेवटची दहा मिनिटे वह्या बंद करून आज काय शिकलो ते लिहायचे, हे मी वर्गात करून पाहते. पहिले पंधरा दिवस मुले वैतागतात, कारण कागद कोरा राहतो. नंतर सवय होते. ऐंशी मुलांचे कागद रोज तपासणे कुणालाच शक्य नाही, त्यातही अर्धा स्टाफ तासिका तत्त्वावर असेल तर बोलूच नका. म्हणून दौरची पद्धत घ्यावी लागते. शेजारच्याने शेजारच्याचा कागद पुस्तक उघडून तपासायचा आणि जिथे चुकले तिथे घास द्यायचा. पुढच्या आठवड्यात मागच्या महिन्यातला एक प्रश्न अचानक विचारायचा, ही झाली मंजिल. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण अशा कामाला द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आज ते ज्या असाइनमेंटला मिळतात, ती एक मुलगी लिहिते आणि बाकीचा वर्ग उतरवतो. हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे आणि आपण सगळे त्यावर सही करतो.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो, त्यामुळे अलीकडच्या वर्षांत तो परीक्षांच्या मोसमात येऊ लागला आहे. रोजा ठेवून पेपर देणाऱ्या मुलांच्या आई-वडिलांना एवढेच सांगेन की तरावीहनंतर बाजारातली चक्कर परीक्षा संपेपर्यंत थांबू द्या. झोप पुरी झाली नाही तर वाचलेले टिकत नाही. सहेरी आणि फजरनंतरचा तास शांत असतो. त्या तासात नवीन वाचू नका, कालचे न पाहता लिहा. मग तासभर झोपलात तरी चालेल.

आणि ऐकायला कुणी नसेल तर? हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, विशेषतः घरात पहिल्यांदाच कॉलेजात गेलेल्या मुलींकडून. उस्ताद चूक ओळखतो, कारण त्याला विषय येतो. घरच्यांना तो येत नाही. तरीही अडखळणे ओळखायला विषय यावा लागत नाही. पुलगावच्या बाजूची माझी एक विद्यार्थिनी रात्री आईसमोर बसून म्हणून दाखवते. आई बिड्या वळत असते. तिला अक्षरओळख नाही. लेक बोलता बोलता "म्हणजे... ते..." करायला लागली की ती हातातले पान खाली ठेवते आणि म्हणते, "यहाँ अटकी तू. निशान लगा."